फडतरे आळीचा पाहुणचार

सांगलीतल्या त्या फार्मसी कॉलेजने दिवाळीच्या सुट्टीत मुलींचं हॉस्टेल पूर्ण रिकामं करायचं ठरवलं. वरच्या मजल्याला गळती होती आणि दुरुस्ती मुली नसतानाच होऊ शकत होती. मेस बंद, पाणी बंद, गेटला कुलूप. सेन्तिलाचं गाव नागालँडात, मोकोकचुंगच्याही पुढे डोंगरात. जाण्यायेण्यातच निम्मी सुट्टी रेल्वेत गेली असती. तिची खोलीतली सोबतीण साक्षी फडतरे म्हणाली, "आमच्याकडं चल. औंधच्या पुढं वाडी आहे आमची. बघण्यासारखं काही नाही, पण खायला भरपूर."

सेन्तिला तयार झाली. दोघी तिसऱ्या वर्षाला होत्या आणि पहिल्या वर्षापासून एकाच खोलीत राहत होत्या. सेन्तिलाला मराठी बऱ्यापैकी येत होतं, सांगलीच्या रिक्षावाल्यांकडून आणि मेसच्या मावशींकडून शिकलेलं. त्यामुळे तिच्या बोलण्यात 'लय' आणि 'व्हय' भरपूर असायचं, आणि ते ऐकून वर्गातली मुलं हसायची. तिला ते चालायचं. त्या हसण्यात तिला काही टोचत नव्हतं.

ही बातमी अवधूत सरांपर्यंत पोचली. सर विद्यार्थी कल्याणचं काम बघायचे. हॉस्टेलमध्ये कुणाला कोणती खोली मिळणार हेही त्यांच्याच हातात होतं. पावसाळ्यात त्यांनी 'सांस्कृतिक संवेदनशीलता' नावाची दोन दिवसांची कार्यशाळा घेतली होती, आणि तिचं सूत्रसंचालन साक्षीने केलं होतं. "व्हिडिओ काढत जा," सर म्हणाले. "कॉलेजची तपासणी करायला समिती यायचीय. आपण नुसती भाषणं ठोकत नाही, हे दिसायला पाहिजे."

विट्याला गाडी बदलून दोघी दुपारी वाडीत उतरल्या. साक्षीची आई, बनुबाई, दारात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिने तुकडा सेन्तिलावरून ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. तिच्या मागे नाथाजी फडतरे उभे होते. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, इस्त्रीचा शर्ट, मिशा नीट कातरलेल्या. पोरीची मैत्रीण कुठली आहे हे कळल्यापासून ते तिची वाट बघत होते. सेन्तिलाने पायरीवर पाय ठेवला तशी त्यांनी छाती पुढे काढली आणि मोठ्या प्रेमाने विचारलं, "घोर ते कून आसे?"

सेन्तिला पायरीवरच थांबली.

"घरात कोन हाय, असं म्हनलो मी," नाथाजी बायकोला म्हणाले. "त्यांची भाषा. दोन वरसं काढली तिकडं. इसरलो न्हाई बघ अजून." मग सेन्तिलाकडे वळून, "कळलं का न्हाई पोरी? बरूबर हाय का माझं?"

"बरोबर आहे, काका," सेन्तिला म्हणाली आणि हसली.

ते हसू साक्षीला ओळखीचं होतं. पहिल्या वर्षी मुली सेन्तिलाला विचारायच्या, तुम्ही काय काय खाता, तेव्हा ती तसं हसायची. कार्यशाळेनंतर ते विचारणं बंद झालं होतं.

*

फडतरे आळीत बारा-तेरा उंबरे, सगळी एकच भावकी. आळीची रीत अशी की एका घरी पाहुणा आला की तो सगळ्यांचा. प्रत्येक घरी त्याने जाऊन काहीतरी खायचंच. एक घर चुकलं तर त्या घराला वर्षभर बोलायला विषय मिळतो. दिवाळीत तर सुटका नाहीच. चकल्या, लाडू, अनारसे, आणि नको म्हटलं की आणखी दोन.

या आळीची दुसरी गोष्ट म्हणजे घरटी एक माणूस फौजेत. काही अजून नोकरीत, बरेच निवृत्त. पन्नाशीच्या पुढच्या बहुतेकांनी नव्वदच्या सुमाराला ईशान्येत एक-दोन वर्षं काढली होती. नाथाजींनी सकाळीच आळीत बातमी फिरवली होती, त्यामुळे प्रत्येक घर तयारीत होतं.

पहिलं घर हणमंत नानांचं. नाना नाथाजींपेक्षा मोठे, गुडघ्यांनी अधू. पोरी अंगणात आल्या तेव्हा ते ओसरीच्या खांबाला टेकून बसले होते. हात वर करून त्यांनी आरोळी दिली, "बाहिर ते आहिबी."

"भाएर या, असं म्हनत्यात," नाथाजींनी खुलासा केला.

"आवं, ती भाएरच हाय की," नानांची सून आतून म्हणाली. "तिला आत बलवा."

"आत बलवायचं आमाला शिकीवलंच न्हवतं," नाना म्हणाले, आणि दोघे म्हातारे गुडघ्यावर थापा मारत हसले. साक्षीही हसली. सेन्तिलाने पुढे केलेल्या बशीतली चकली उचलली आणि तशीच हातात धरून बसली. उठताना तिने ती गुपचूप रुमालात गुंडाळली.

दुसऱ्या घरी, "मोटा मानू कोत आसे?" घरातले पुरुष कुठे आहेत. तिसऱ्या घरी परत पहिलंच वाक्य. चौथ्या घरातल्या म्हाताऱ्याला अर्धंच आठवत होतं, तर बाकीच्यांनी ते पुरं करून दिलं. प्रत्येकजण म्हणून झालं की तिच्या तोंडाकडे बघायचा. चूक नाही ना, हे त्याला तिला विचारायचं असे. ती मान डोलवायची. मग बायका म्हणायच्या, "कशी गोड हसती बघा पोरगी."

फक्त विश्वजीतच्या घरी वेगळं झालं. तो नाथाजींचा पुतण्या, चाळिशीतला, रजेवर आलेला. तो म्हणाला, "माझ्याकडनं काय आपेक्षा धरू नका. मी सगळी नोकरी राजस्थानात केली. मला उंटाची भाषा येती." त्याच्या घरी सेन्तिलाने दोन लाडू खाल्ले, शेवटपर्यंत. साक्षीने ते बघितलं आणि तिथे पहिल्यांदा तिच्या डोक्यात काहीतरी आलं.

*

दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालायला दोघी धाब्यावर, घराच्या सपाट छतावर, गेल्या. समोर शाळूची रानं होती, नुकती गुडघ्याला लागलेली.

"तुला बरं नाही का?" साक्षीने विचारलं.

"बरी आहे."

"मग खात का नाहीस? विश्वजीतदादाकडं खाल्लंस."

सेन्तिलाने पिळलेला टॉवेल झटकला. मग म्हणाली, "ते जे बोलतात ना, ती आमच्या घरची भाषा नाही. ती बाजारची. घरी आम्ही आओ बोलतो. मी तुला सांगितलं होतं पहिल्या वर्षी."

"सांगितलं असशील."

"आम्ही लहान असताना एक खेळ होता. एकाने दार वाजवायचं आणि म्हणायचं, घोर ते कून आसे. आतल्याने म्हणायचं, मोय आरू बाच्चाखान. मी आणि पोरं. मग बाहेरच्याने म्हणायचं, मोटा मानू कोत आसे. मग बाहिर ते आहिबी. मग सगळ्यांनी बाहेर येऊन उन्हात बसायचं. जो आधी हलेल तो बाद." तिने टॉवेलला चिमटा लावला. "आम्ही कुठून शिकलो, माहीत नाही. मोठी पोरं खेळायची, ती बघून आम्ही. एकदा आईने ऐकलं आणि मला मारलं. आईने मला कधी मारलं नव्हतं. तिने खेळ नव्हता खेळलेला. ती लहान असताना दार खरंच वाजलं होतं, बाहेर फौज होती, आणि आजीने उत्तर दिलं होतं. गाव दिवसभर चर्चच्या पटांगणात बसलं होतं."

साक्षीने बादलीतला पुढचा कपडा उचलला. कार्यशाळेत तिने माइकवरून सांगितलं होतं की समोरच्याचा अनुभव आधी ऐकून घ्या. तिने ऐकून घेतला होता. पुढचं काय ते कार्यशाळेत नव्हतं.

"आप्पांना सांगते मी," ती शेवटी म्हणाली. "त्यांना कळलं तर ते एक शब्द बोलणार नाहीत."

"काय सांगशील? तुमच्या बोलण्याची तिला भीती वाटते?" सेन्तिला आता हसत नव्हती. "त्यांनी काही वाईट केलं असं मी म्हणत नाही. काय केलं मला माहीत नाही. मला माहीत करूनही घ्यायचं नाही, साक्षी. मला त्यांच्या घरात राहायचंय. हॉस्टेल उघडेपर्यंत मला दुसरीकडं जागा नाही."

खालून नाथाजींचा आवाज आला. फोनवर कुणाशी तरी बोलत होते. "आरं, आमच्याकडं आलीया की पोरगी. लय गुणाची. माझं सगळं कळतं तिला."

*

साक्षीने आधी आईला सांगितलं. बनुबाई चुलीपुढे करंज्या तळत होती. तिने सगळं ऐकलं, झारा निथळला आणि म्हणाली, "ह्यास्नी सांगू नगंस."

"का?"

"त्यांच्याकडं दुसरं काय हाय सांगायला? ऊस न्हाई, दुकान न्हाई. फौजेतनं आल्यावर बँकंच्या दारात बंदूक घिऊन बसलं, ती बी नोकरी गेली. गावात कोन इचारतंय? तिकडची दोन वरसं, तेवढी एकच गोष्ट हाय त्यांची. कवा बी बघ, तीच सांगत्यात. तिकडं एका बाईनं त्यास्नी संत्री दिली हुती, ती पन सांगत्यात." तिने करंजी उलटली. "आनि खरं सांगू का? मला बी आता कळलं ह्याचा अर्थ काय ते. लगीन झाल्यापास्नं ऐकतीया. मी बी कवा इचारलं न्हाई, घरात कोन हाय म्हनून का इचारत हुता."

"मग सेन्तिलाचं काय?"

"दुसरीकडं सोय हुती का बघ. गुपचूप. कायतरी सांगू ह्यास्नी, परीक्षा हाय म्हनून."

साक्षीने सांगलीला श्रद्धाला फोन लावला. श्रद्धा त्यांच्याच वर्गातली, हळदीच्या पेठेत वडील विष्णुपंतांची अडत, गावभागात मोठं घर. फोन स्पीकरवर होता आणि सेन्तिला शेजारी बसली होती.

"अगं, येऊ दे की," श्रद्धा म्हणाली. "थांब, आईला विचारते." मागे तिच्या आईचा, शरयूताईंचा, आवाज आला, हळू, पण ऐकू येण्याइतका. मग श्रद्धा परत आली. "आई म्हणते, आनंदाने या. फक्त कसं आहे, पाहुण्यांची खोली देवघराला लागून आहे. दिवाळीत सगळं सोवळ्यात असतं ना. तर तिची ती तारीख कधी आहे, तेवढं विचारून घे. आणि तिला सांग, बाहेरून काही खायला आणायचं नाही. म्हणजे तसं आम्ही काही म्हणत नाही गं. बाबांचं जरा असतं."

"विष्णुपंतांचं जरा असतं," साक्षी म्हणाली.

"तू रागावू नकोस. तुमच्याकडं गावाकडं मोकळं असतं."

फोन ठेवल्यावर सेन्तिला म्हणाली, "आधी विचारायचे, काय खातेस. आता तारीख विचारतात. सुधारणा आहे." मग ती म्हणाली, "राहू दे. इथं निदान आपुलकी आहे."

हे तिने टोमणा म्हणून म्हटलं की मनापासून, साक्षीला कळलं नाही.

*

पाडव्याला मारुतीच्या देवळापुढे वाडीतले माजी सैनिक जमतात. कोट, पदकं, डोक्याला फेटा, आणि कुणातरी पाहुण्याचा सत्कार. एका वर्षी तहसीलदार आले होते, एका वर्षी कुणी मिळालं नाही म्हणून शाळेच्या हेडमास्तरांनाच दुसऱ्यांदा नारळ दिला होता. यंदा नाथाजींनी सेन्तिलाचं नाव सुचवलं आणि सगळ्यांनी उचलून धरलं. ठरलं असं की नाथाजी माइकवर तिच्या भाषेत दोन शब्द बोलतील, ती उत्तर देईल, मग नारळ आणि साडी.

"लाजायचं न्हाई पोरी," नाथाजी तिला जेवताना म्हणाले. "मी इचारीन, तू सांगायचं. तुमच्या गावात आमी कसं हुतो, आपलं कसं जमायचं, एवढंच. वाडीतल्या पोरांना कळू दे, देश केवढा हाय."

सेन्तिलाने ताटातली भाकरी मोडली, परत मोडली.

साक्षी म्हणाली, "आप्पा, तिला बोलायची सवय नाही."

"सवय कुनाला असती? मला हुती व्हय? पयल्यांदा तिकडं गेलो तवा तोंडातनं शबूद फुटत न्हवता. खिशात कागूद असायचा, त्यावर लिहिल्यालं. दहा वाक्यं. रोज पाठ. तीन-चारच ऱ्हायली बघ आता."

साक्षीला एकच माणूस दिसत होता जो हे थांबवू शकला असता. तिने अवधूत सरांना फोन केला आणि सांगितलं की सेन्तिलाला कार्यक्रमात बोलायचं नाही, सरांनी वडिलांना फोन करून काहीतरी कारण सांगावं. कारण तिने दिलं नाही. ते द्यायचं म्हणजे सेन्तिलाची गोष्ट तिच्या परवानगीशिवाय द्यायची.

सर खूश झाले. "थांब, थांब. माजी सैनिक, आणि ते ईशान्येच्या मुलीशी तिच्या भाषेत बोलणार? साक्षी, अगं हेच तर पाहिजे आपल्याला. समितीपुढं काय ठेवणार होतो आपण, रांगोळी? मोबाइल आडवा धर फक्त."

"सर, तिची इच्छा नाही."

"असं ती म्हणाली? तिला दे."

साक्षीने फोन दिला. सेन्तिलाने तो कानाला लावला, ऐकलं. "हो सर," ती म्हणाली. "हो. नाही, काही प्रॉब्लेम नाही. थँक यू सर."

"का म्हणालीस असं?" साक्षीने विचारलं.

"पुढच्या महिन्यात खोल्या बदलणार आहेत," सेन्तिला म्हणाली. "तळमजल्याची कोंदट खोली कुणाला देतात, तुला माहीत आहे." मग फोन परत देत, "आणि तू मला न विचारता त्यांना फोन केलास."

आळीत कुणाच्या तरी घरी नाथाजींच्या कोटाची बटणं घासली जात होती, आणि तिथे मोठ्याने हसणं चाललं होतं.

*

पाडव्याच्या सकाळी देवळापुढे सतरंज्या घातल्या होत्या. एका बाजूला बायका, एका बाजूला पोरं, मधे खुर्च्यांची ओळ. ओळीत नऊ-दहा माजी सैनिक, फेटे बांधून. सेन्तिलाला बनुबाईने आपली हिरवी इरकल नेसवली होती. बायका म्हणत होत्या, आपलीच पोरगी दिसती. डोळे सोडले तर, एकीने म्हटलं, आणि दुसरीने तिला कोपराने ढोसलं.

झेंडावंदन झालं. हणमंत नानांनी दोन शब्द सांगितले, ते दोनाचे बरेच झाले. मग नाथाजी उठले. माइक त्यांनी उजव्या हातात घेतला, डाव्या हाताने सेन्तिलाला पुढे बोलावलं. ती येऊन त्यांच्यासमोर उभी राहिली, दोघांत हातभर अंतर.

"ही आमची पावनी," नाथाजी म्हणाले. "आमी तिच्या मुलखात दोन वरसं ऱ्हायलो. त्यांचं मीठ खाल्लंय आमी. आता मी तिला तिच्या भाषेत इचारतो, आनि ती उत्तर दील. ऐका." त्यांनी घसा साफ केला. आवाज आपोआप चढला, कवायतीचा झाला. "घोर ते कून आसे?"

देवळाच्या भिंतीवरून ते वाक्य परत आलं. पोरं हसली. साक्षीने मोबाइल आडवा धरला होता. पडद्यावर सेन्तिलाचा चेहरा छोटा दिसत होता.

आदल्या दिवशी दोघींनी मिळून एक वाक्य ठरवलं होतं. 'तुम्ही सगळे माझे काका आहात, मला इथं घरच्यासारखं वाटतं.' मराठीत. सेन्तिलाने ते पाठ केलं होतं, साक्षीपुढे दोनदा म्हणूनही दाखवलं होतं.

तिने तोंड उघडलं. दोन्ही हात अंगापासून थोडे दूर झाले, तळवे पुढे. आणि ती म्हणाली, अगदी सपाट आवाजात, म्हातारी बाई बोलावी तशी, "मोय आरू बाच्चाखान."

टाळ्या पडल्या. बायकांनी वाजवल्या, पोरांनी शिट्ट्या मारल्या. कुणीतरी म्हणालं, काय म्हनली, काय म्हनली. खुर्च्यांच्या ओळीतून मात्र कुणी टाळी वाजवली नाही. हणमंत नाना गुडघ्यावर थाप मारायला हात उचलून बसले होते, तो हात त्यांनी हळूच खाली ठेवला. हे उत्तर त्या ओळीतल्या बहुतेकांनी ऐकलेलं होतं, आणि बऱ्याच वेळा. या उत्तरानंतर काय करायचं असतं, तेही त्यांना माहीत होतं.

नाथाजी माइक धरून उभे होते. त्यांच्या तोंडावरचं हसू जायला वेळ लागला. ते तिच्या हातांकडे बघत होते. तिच्याही ते बहुधा तेव्हाच लक्षात आलं असावं. तिने हात पदरात घेतले.

"काय म्हणाली, सुभेदार?" हेडमास्तरांनी विचारलं. "सांगा की मराठीत."

नाथाजींनी माइक तोंडाशी नेला, परत खाली घेतला. मग ते म्हणाले, "राम राम म्हनली," आणि नारळ द्यायला त्यांनी विश्वजीतला पुढे केलं.

*

व्हिडिओ दुपारपर्यंत सरांकडे गेला. साक्षीने पाठवला नव्हता. वाडीतल्या कुणा पोराने आपल्या मोबाइलवर काढून पुढे पाठवला होता, तो फिरत फिरत कॉलेजच्या ग्रुपवर आला. सरांनी त्याखाली लिहिलं, 'हीच खरी संवेदनशीलता. सेन्तिला आणि साक्षी, अभिमान वाटतो.' त्याखाली वर्गातल्या चाळीसेक जणांनी हात जोडले.

आळीत मात्र फरक पडला. उरलेल्या घरांची बोलावणी आली नाहीत. फराळाचे डबे आले, सुनांच्या हाती, दारातून. हणमंत नानांच्या ओसरीवरून दोघी गेल्या तेव्हा नाना तोंड फिरवून तंबाखू मळत बसले. रागाने नव्हे. त्यांना काय करावं कळत नव्हतं एवढंच.

घरात नाथाजी जेवायला सगळ्यांच्या आधी बसायचे किंवा सगळ्यांच्या नंतर. सेन्तिला पुढच्या सोप्यात असली की ते मागच्या परड्याच्या दाराने जायचे, बाहेर खोकून मगच आत यायचे. तिच्याशी बोलायचं असलं की बनुबाईमार्फत. तिला इचार, च्या पायजे का. तिला म्हनावं, पंखा लाव. त्यात कुठे तुसडेपणा नव्हता. पण घर दोन दिवसांत इतकं जपून वागायला लागलं की भांडं पडलं तरी सगळे दचकत.

"हे आधीपेक्षा वाईट आहे," सेन्तिला धाब्यावर म्हणाली. "आधी निदान ते खूश होते."

"मग का बोललीस तसं? आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं. त्यांनी विचारलं आणि ते आलं. त्या प्रश्नाला माझ्याकडे दुसरं उत्तरच नाही." ती कठड्याला टेकली. "आता मी आत बसले की ते बाहेर. मी बाहेर बसले की ते रानात. हॉस्टेल उघडायला अजून आठवडा आहे. मी त्यांना त्यांच्याच घरातून घालवलंय, आणि मला निघता येत नाही."

त्या संध्याकाळी नाथाजी गोठ्यात म्हशीचं दूध काढत होते. साक्षी चरवी घेऊन गेली. ते मान खाली घालून म्हणाले, "साक्षे, तिच्या भाषेत, बस, जेव, असं कसं म्हनत्यात गं?"

साक्षीने चरवी खाली ठेवली.

"मला येत्यात ती तेवढीच हायती," नाथाजी म्हणाले. "जेव म्हनायचं आमास्नी कुनी शिकीवलंच न्हाई. तू तीन वरसं एका खोलीत ऱ्हातीस. तुला येत आसंल."

साक्षीने आठवून बघितलं. सेन्तिला रोज आईशी फोनवर बोलायची, कधी हसायची, कधी भांडायची. साक्षी तेव्हा हेडफोन लावायची. तिला एकही शब्द येत नव्हता. 'हो' नाही, 'नाही' नाही, 'आई' नाही.

"मला नाही येत, आप्पा."

नाथाजींनी तिच्याकडे बघितलं. साक्षीला त्यांनी काही म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

"इचार तिला," परड्यात उभी असलेली बनुबाई म्हणाली.

साक्षी घरात गेली. सेन्तिला सोप्यात तांदूळ निवडत बसली होती. साक्षीने विचारलं. आप्पांना शिकायचंय, बस आणि जेव, तुझ्या घरच्या भाषेत. बाजारच्या नको, घरच्या.

सेन्तिलाने सुपातले दोन खडे वेगळे काढले. गोठ्याचं दार उघडं होतं आणि दुधाच्या धारेचा आवाज थांबला होता, म्हणजे तिकडे ऐकू जात होतं.

"त्यांना सांग, मराठीत बोला," ती म्हणाली. "मला मराठी येतं. आमची भाषा राहू दे आमच्याकडं."

"बरं," नाथाजी गोठ्यातून म्हणाले. आणि मग, काही वेळाने, धारेचा आवाज परत सुरू झाला.